डॉक्टर, तुम्हाला नकली कावळा शिवला

वाचकहो, रुमाल काढला असेल तर घडी घालून परत खिशात ठेवा. स्मृतिलेखात काय काय येणार हे तुम्हाला पाठ असतं. मलाही पाठ आहे, कारण शोकसभेचं सूत्रसंचालन मी धंदा म्हणून केलंय. आधी एक 'दुःखद', मग एक 'हरपले', मग माणूस कितीही चिडका असू दे, तो 'हसतमुख', आणि शेवटी आवाज खाली आणून, मधे एक मोठा श्वास घेऊन, 'त्यांच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.'

इथंच घोळ आहे. गेलेला माणूस दातांचा डॉक्टर होता. पोकळ्या भरणं हाच त्याचा धंदा. 'न भरून येणारी पोकळी' असं त्याच्यासमोर कोणी म्हटलं असतं, तर त्यानं दिवा पुढे ओढून विचारलं असतं, "वरची का खालची?"

म्हणून पोकळी रद्द. तुम्ही बसा, ऐका, पण मधे बोलू नका. मला डॉक्टरांशी बोलायचंय.

तर डॉक्टर.

आपली पहिली भेट झाली तेव्हा माझं तोंड सताड उघडं होतं आणि मला बोलता येत नव्हतं. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. चांदवडहून नाशिक रोडला येऊन मी तेव्हा नुकताच पोटापाण्याला लागलो होतो. म्हणजे संध्याकाळी हळदीत, वाढदिवसात पुढाऱ्यांचे आणि हिरोंचे आवाज काढायचे, आणि दिवसा हातगाडीवाल्यांचे भोंगे रेकॉर्ड करून द्यायचे. 'ताजी मेथी, ताजी कोथिंबीर, आत्ताच मळ्यातनं आली', हा जो बाईचा आवाज अख्ख्या नाशिक रोडला फिरतो ना, ती बाई मी आहे. तर तेव्हा माझी अक्कलदाढ दुखायला लागली. घरी फोन केला तर वडील म्हणाले, "अक्कलदाढ? तुला? नीट बघ, दुसरी कुठली असंल."

तुम्ही मला खुर्चीत आडवा केलात, इंजेक्शन टोचलंत, आणि समोरच्या भिंतीवर मला एक चित्र दिसलं. काळ्या शाईच्या केसासारख्या बारीक रेघांचं. मागे डोंगर, डोंगराला उजव्या अंगाला सरळ तुटलेला कडा, पायथ्याशी तटबंदी, पुढे दोन बैल, एक तलवारवाला शिपाई आणि घागर घेतलेली बाई. खाली इंग्रजीत गावाचं नाव, चांदोर. साहेबाला चांदवड म्हणता येत नव्हतं, त्यानं चांदोर केलं. पण डोंगराला मी नावाशिवाय ओळखला. शाळेच्या खिडकीतून तोच तर दिसायचा. गणिताच्या तासाला दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच.

"आंऽऑऽ!" मी ओरडलो.

"हो, चांदवड," तुम्ही म्हणालात. उघड्या तोंडाची भाषा तुम्हाला मराठीइतकीच येत होती. "पण उलटं छापलंय. हलू नकोस."

उलटं! माझं गाव! जीभ बधिर, अर्धा ओठ बधिर, तरी मी हात हलवून सांगायला लागलो, "ऊऊटं आई! अईकऊन काअंय!" उलटं नाही, पलीकडून काढलंय. आमच्या मामाच्या वावरातून डोंगर असाच दिसतो.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आधी थुंक. मग भांड."

आणि मी थुंकलो, आणि मग आपण जे भांडायला लागलो ते तुम्ही जाईपर्यंत भांडतच होतो.

तुमचं म्हणणं सोपं होतं. चित्रकारानं चित्र इथं काढलं, ते विलायतेला गेलं, तिथं कारागिरानं धातूच्या पत्र्यावर कोरलं. पत्र्यावर शाई भरून कागद दाबला की सगळं उलटं उमटतं. म्हणून कोरणारा आरसा लावून मुद्दाम उलटं कोरायचा, म्हणजे छापल्यावर सुलटं यावं. ह्या गड्यानं कंटाळा केला, सरळच कोरलं, आणि अख्खं चांदवड पालथं झालं.

"तुम्हाला काय माहीत कंटाळा केला?"

"मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात आरसा घालून काम करतोय. डावं-उजवं उलटलेलं मला झोपेत कळतं. त्या बाईचा पदर बघ. उजव्या खांद्यावर आहे. आपल्याकडे पदर कुठल्या खांद्यावर घेतात?"

"ती गुजराती असेल."

"चांदवडात?"

"आग्रा रोड आहे साहेब. जाता जाता पाणी प्यायला उतरली असेल."

"स्वतःची घागर घेऊन?"

"गुजराती माणूस प्रवासाला घरचंच सगळं घेऊन निघतो."

तुम्ही हसला नाहीत. पण तुमची मान खाली गेली आणि खांदे हलले. मग मी विचारलं, की चित्र उलटं, तर खालची अक्षरं सुलटी कशी? तुम्ही म्हणालात, अक्षरं कोरणारा माणूस वेगळा असायचा. आणि दाढेला टाके घातलेत, तपासायला रविवारी ये, वर घरी ये.

टाके कधीच विरघळले. रविवार काही संपले नाहीत.

दवाखाना खाली, घर वर. दार उघडल्यावर तुमच्या मिसेसचं, म्हणजे काकूंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पिंट्या, चपला बाहेर." मला आधी वाटलं होतं, भिंतीवर असतील पाच-पन्नास चित्रं, बघू आणि चहा पिऊन निघू. पण तुमचा खरा जीव चित्रांपेक्षा चिटोऱ्यांवर. इंग्रजांच्या काळातली असली-नसली सगळी छापील चिटोरी. बिस्किटाच्या डब्यावरचं लेबल. कापडाच्या गठ्ठ्यावर चिकटवलेली वाघाची टिकली. देवळाली कॅम्पातल्या सोल्जरांनी केलेल्या नाटकाचा कार्यक्रम, ज्यात बायकांची कामं करणाऱ्यांना मिशा होत्या. नाचाच्या रात्री मडमेनं मनगटाला बांधायचं कार्ड, कुठला नाच कोणाबरोबर ते टिपायला. घोड्यांच्या शर्यतीचं पत्रक. तुम्ही त्यांना 'एका दिवसाचे कागद' म्हणायचात. संध्याकाळी फेकायचेच म्हणून छापलेले. "पुस्तक राहावं म्हणून छापतात," तुम्ही म्हणायचात, "हे बिचारे चुकून राहिलेत."

पहिल्याच रविवारी मी एक लेबल उचललं. तुम्ही ते माझ्या हातातून अलगद घेतलंत, खिडकीपाशी गेलात, डोळ्याला भिंग लावलंत. बघत राहिलात. मला वाटलं काहीतरी दुर्मिळ सापडलं. मग भिंग खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "बरं. आता मला सांग. हात धुतले होते?"

मी वडापाव खाऊन आलो होतो. कापडाच्या गठ्ठ्यावरच्या त्या वाघाच्या एका मिशीला अजून तेलाचा डाग आहे. माझा संग्रहातला पहिला वाटा.

डॉक्टर, तुमचा आवाज कधी चढला नाही. आमच्या घरी आवाज चढला की समजायचं प्रेमानं बोलतायत. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढला म्हणून मला ग्राउंडवर उभं केलं होतं, तेव्हा वडील येऊन तिथंच म्हणाले, "नकल्या निपजला." त्या दिवसापासून मी गावात नकल्या. माणूस जे काम चांगलं करतो त्याच्यावरूनच त्याला शिवी पडावी, असं बाकी कुठल्या कामात होत नाही.

आणि हे सगळं ऐकून तुम्ही भिंग माझ्या हातात देऊन म्हणालात, "हे बघ, माझ्याकडे एकही अस्सल वस्तू नाही. सगळ्या नकला आहेत. एक पत्रा कोरला, त्याच्या शेकडो नकला निघाल्या, त्यातली ही एक. पण नक्कल वेगळी आणि नकली वेगळं. लाव भिंग."

मी लावलं. आधी चांदोर बघितलं. सगळ्या रेघाच रेघा. डोंगराच्या सावलीत रेघा दाट, आभाळात विरळ, बैलाच्या पाठीवर वळलेल्या. मग तुम्ही तसंच दिसणारं दुसरं चित्र दिलंत, कॅलेंडरवरून कापलेलं. भिंगाखाली रेघा गायब. नुसते ठिपके.

"ठिपके म्हणजे मशीननं वरवर उचललेलं. रेघ म्हणजे कोणीतरी हातानं त्या डोंगरावरून गेलाय. तू त्या हेडमास्तरांचा आवाज काढतोस तो ठिपक्यांचा का रेघांचा?"

मी म्हणालो, "काढून दाखवू?"

काढून दाखवला. हेडमास्तरांचं ते दोन वाक्यांमधे धोतर सावरणं, 'विद्यार्थ्यांनो' मधल्या 'द्या'वर थुंकी उडणं. काकू आतून पोळी उलथायचं सोडून आल्या. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "रेघा आहेत." एवढंच. वर, "पिंट्या, तुझ्या 'प'ला एक तिरकी रेघ मारली आणि शेपूट कापलं की 'प्रिंट' होतो. तू संग्रहातच बसतोस."

तुमचे आभार मानायचे राहिले ते ह्याचे. आमच्या गावात नक्कल ही शिवी होती. तुमच्या घरी ती कला होती, आणि ती आधी हात धुऊन करायची होती.

कॅम्पातली ती ट्रंक आठवते? जुन्या बाजारात एक पत्र्याची ट्रंक, गंजलेली, बिजागरी तुटलेली. तुम्ही झाकण उघडलंत आणि तुमचा श्वास अडकला. मला वाटलं आत साप आहे. आत काहीच नव्हतं. झाकणाला आतून कागद चिकटवलेले होते.

दुकानदार म्हणाला, "डॉक्टरसाब, इसमें माल क्या भरोगे? तळ गेलाय पार."

"माल नको मला. अस्तर पाहिजे."

तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बरोबर राहत जा रे यांच्या."

रिक्षात ट्रंक मांडीवर घेऊन आपण आलो. काकूंनी गॅलरीतूनच बघितलं. "वर आणायची नाही! ढेकूण असतील!" मग दवाखान्यातच बसलो. इंजेक्शनच्या सुया उकळायचं ते जुनं भांडं तुम्ही काढलंत, वाफेवर ट्रंकेचं झाकण धरलंत, आणि दाढ काढताना फिरवता तसं मनगट फिरवून एकेक कागद सोडवलात. त्यातला एक निघाला साहेबांच्या मेसमधल्या जेवणाचा. कडेला वेलबुट्टी, मधे पदार्थांची नावं, वाचताना जिभेला गाठ पडेल अशी. आणि 'मासे' लिहिलं होतं त्याच्यावर पेन्सिलीनं काट.

मी लगेच गोऱ्या साहेबाचा आवाज लावला. "बॉय! मच्छी किढर हाय?" मग खानसाम्याचा. "हुजूर, पॅसेंजर लेट हाय." "व्हॉट लेट?" "हुजूर, मच्छी आली, पण तिचा वास आधीच्या गाडीनं आला."

तुम्ही पोट धरून खुर्चीत बसलात, त्या पेशंटच्या खुर्चीत, आणि ती मागे कलली, आणि तुम्ही आडवे पडून पाय झाडत हसलात. डोळे पुसून झाल्यावर ती पेन्सिलीची काट मला दाखवलीत. "बघ पिंट्या. लढाया कोणी जिंकल्या ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय. पण त्या दिवशी देवळालीत मासे आले नव्हते, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे."

अजून हसू येतं मला. आणि आता ते फक्त मला एकट्याला माहीत आहे, म्हणून इथं सगळ्यांना सांगून टाकतोय. ओझं होतं.

तुम्ही माझे भोंगेसुद्धा सोडले नाहीत. "हेही एका दिवसाचेच," म्हणून मेथी, कोथिंबीर, भंगार, गाद्या-रजया, सगळे आवाज माझ्याकडून मागून घेतलेत आणि लेबलांच्या कपाटातच ठेवलेत. कपाटात बिस्किटाच्या साहेबाशेजारी मेथी. असा मान आमच्या खानदानात कोणाला मिळालेला नाही.

आणि मग नकलेसाठी तुमचं ते टुमणं. "माझी काढ की."

"तुमची काय काढायची डॉक्टर."

"सगळ्यांची काढतोस. काकूची काढतोस, ती स्वयंपाकघरात गेल्यावर. माझी?"

"पुढच्या रविवारी."

मी टाळत नव्हतो हो. जमत नव्हती. खोलीवर आरशासमोर किती वेळा प्रयत्न केला. पण तुम्ही बोबडे नाही, खाकरत नाही, नाकात बोलत नाही, 'म्हणजे बघा' असलं पालुपद नाही. कपाला कान असतो म्हणून कप उचलता येतो. तुमच्या आवाजाला कानच नव्हता. मी तोंड उघडलं की कुठलातरी नाटकातला म्हातारा बाहेर यायचा. भिंग लावायची गरजच नाही, नुसत्या डोळ्यांना ठिपके दिसायचे. ते तुमच्यासमोर ठेवायची लाज वाटायची.

तसंच चांदवडचं. मी म्हणायचो, चला, चित्र घेऊन जाऊ, मामाच्या वावरात उभं राहून डोंगराला लावून बघू, निकाल लागेल. तुम्ही म्हणायचात, "पुढच्या रविवारी." मग गुडघा. मग ऊन फार. मग थंडी फार. मग तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. चांगल्याच आवाजात म्हणालो.

आता घाटावरचं सांगतो, तुम्हाला नीट दिसलं नसेल. गर्दी होती.

दहाव्याला पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागलो. माणसाचं काही मागे राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, ते पुरं करायचं वचन देऊन टाकायचं असतं. घाटावरचे कावळे तर सेलिब्रिटी. रोज इतके पिंड येतात की त्यांना भूक नसते, फक्त वेळापत्रक असतं. एक येऊन कठड्यावर बसला, आपल्या पिंडाकडे बघितलं, आणि चोच पुसायला लागला.

तुमचे धाकटे भाऊ पुढे झाले, हात जोडले. "दादा, वहिनीला एकटं पडू देणार नाही." कावळा ढिम्म. "दादा, तुझे कागद विकणार नाही, रद्दीत घालणार नाही." कावळ्यानं मान वाकडी केली, पण जागा सोडली नाही. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "पिंट्या, तुझं काही आहे का?"

मी पुढे गेलो. मोठ्यांदा म्हणालो, "डॉक्टर, चित्र उलटंच आहे. मान्य. तुम्ही जिंकलात."

कावळा उडाला. दोन कठडे पलीकडे जाऊन बसला.

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात भाऊंना सुचलं, "अरे, तू कावळ्याचा आवाज काढ ना! बोलाव त्याला!"

आता हे माझं हक्काचं काम. मी दोन्ही हात तोंडाला लावून असा काही काव काढला की घाटभर कावळेच कावळे झाले. झाडावरचे आले, देवळावरचे आले, आणि सगळे जाऊन शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर तुटून पडले. ते लोक आनंदानं रडायला लागले. त्यांच्या एका म्हाताऱ्यानं येऊन माझा हात धरला, "लय उपकार झाले भाऊ, आमचा बाप लय हट्टी होता."

आपला पिंड तसाच.

मग काकू पहिल्यांदा बोलल्या, अगदी हळू. "माझी काढ, माझी काढ म्हणायचे ना तुला. ती राहिलीय बघ."

डॉक्टर, एवढ्या लोकांसमोर मी कधी अडखळलो नाही. तिथं तोंड उघडलं आणि तोच नाटकातला म्हातारा आला. "पिंट्याऽ" म्हणाला आणि खोकला. तुम्ही कधी खोकत नव्हतात. मी मागे सरलो.

ऊन चढलं. गुरुजींना पुढच्या लोकांना वेळ द्यायचा होता. त्यांनी दर्भाच्या चार काड्या घेतल्या, एक पीळ दिला, एक गाठ मारली, चोचीसारखं टोक काढलं, आणि तो दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला. झालं. शिवला. चालतं म्हणे शास्त्रात.

म्हणजे बघा काय झालं. जन्मभर भिंग घेऊन 'नकली नको' म्हणत बसलेल्या माणसाला शेवटी नकली कावळा शिवला.

मला राहवेना. वाटलं, निदान त्या वादाचा निकाल तरी लावावा, आवाज जमत नाही तर. तेराव्याच्या गडबडीत मी दवाखान्यात शिरलो, भिंतीवरून चांदोर उतरवलं, तुमच्या पांढऱ्या कोटात गुंडाळलं, दप्तरासारखं पाठीला बांधलं आणि गाडीला किक मारली.

मामा वावरात कांद्याला पाणी देत होता. कोट सोडून फ्रेम काढली तर म्हणाला, "आरं, डोंगर फ्रेम करून आनला का? त्यो तिथंच हाय की."

"मामा, धर जरा. वर. डोंगराच्या रेषेत."

"लय जड हाय रे. कुनी केला ह्यो उद्योग?"

मी मागे सरलो. वर खरा डोंगर, खाली रेघांचा डोंगर. कडा उजव्या अंगाला. चित्रातही उजव्या अंगाला. खाचेला खाच, उताराला उतार. मी वावरात उडीच मारली. "डॉक्टर! पलीकडून काढलंय! मी म्हणत होतो!" मामानं फ्रेम खाली ठेवली आणि मामीला हाक मारली, "पोराला ताक दे, ऊन लागलंय."

जिंकल्याच्या तोऱ्यात मी चांदवडात शिरलो. शाळेसमोर, जिथून कडा डाव्या अंगाला दिसतो तिथं, गाडी लावली. पाणी प्यायला वळलो आणि गाडीच्या आरशाकडे नजर गेली. आरशात डोंगर होता. कडा उजव्या अंगाला. खाचेला खाच, उताराला उतार. अगदी चित्रासारखा.

डॉक्टर, तिथं रस्त्यावर मला कळलं. डोंगर पलीकडून बघा नाहीतर अलीकडून आरशात बघा, आकार तोच दिसतो. डोंगराला विचारून निकाल लागणारच नव्हता. तो मलाही हो म्हणणार, तुम्हालाही हो म्हणणार. उरली ती बाई आणि तिचा पदर, आणि ती गुजराती आहे की नाही हे ती काही सांगत नाही.

तुम्हाला माहीत होतं का हो हे? आयुष्यभर आरशात बघून काम केलेला माणूस तुम्ही. म्हणून दर वेळी 'पुढच्या रविवारी' म्हणायचात का? गेलो असतो तर वादच संपला असता. आणि वाद संपला असता, तर टाके विरघळल्यावर मी कुठल्या तोंडानं वर आलो असतो?

माहीत असेल तर थँक्यू. नसेल तरी थँक्यू.

संध्याकाळी परत आलो तर काकू दवाखान्याच्या दारात उभ्या. मागच्या भिंतीवर मोकळा खिळा. मी काही बोलायच्या आधी त्यांनी फ्रेम आत घेतली. मला नाही घेतलं. खिडकीपाशी नेली, चिखल आणि कांद्याची पात लागलेला कोट बाजूला केला, तुमचं भिंग घेतलं आणि बघत राहिल्या. डोंगर बघितला, बैल बघितले, बाई बघितली. मी दारात उभा. त्यांनी नाकातून एक लांब श्वास सोडला. भिंग खाली ठेवलं. काचेवर हात फिरवला. आणि तरी बोलल्या नाहीत, अजून थोडं थांबल्या.

"बरं," काकू म्हणाल्या. "आता मला सांग. हात धुतले होते?"

आवाज काकूंचाच होता, पातळ, किनरा. पण बोललात तुम्ही. इतकी वर्षं मी तुमचा आवाज तुमच्या घशात शोधत होतो, आणि तो होता 'बरं'च्या आधीच्या त्या थांबण्यात. समोरच्याला स्वतःचा गाढवपणा स्वतःच दिसावा एवढा वेळ तुम्ही द्यायचात, आणि मग बोलायचात.

मी श्वास सोडला. थांबलो. अजून थांबलो. "बरं," मी म्हणालो.

काकूंचा हात काचेवरच राहिला.

"माझी नक्कल काढतोस?"

"तुमची नाही, काकू."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. पदर डोळ्यांना लावला, डाव्या खांद्यावरचा. आणि वळल्या त्या सुटल्याच. "मेल्या, एवढा जपलेला कागद मोटारसायकलवर पाठीला बांधून नेतोस? उन्हात? कांद्याच्या चिखलात? त्यांच्या कोटाचं काय पोतेरं केलंस बघ! आणि घाटावर सगळ्यांदेखत खोटं बोलतोस, म्हणे उलटंच आहे, मान्य! जन्मभर भांडलास आणि एका कावळ्यासाठी हरलास? कावळ्यालासुद्धा पटलं नाही ते! आणि हसतोस काय वर? डोळ्यात पाणी आणि दात काय काढतोस? ह्या घरात दात काढायचं काम एकाच माणसाचं होतं. चपला बाहेर काढ. आणि आधी हात धू."